डीबगर गप्प का होता : ऊसकाट्यावरील गोठलेल्या वजनाचे प्रकरण

ज्या प्रणालीविषयी हे टिपण आहे ती कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालते आणि तिचे काम वरवर पाहता फार साधे आहे. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, वजनदर्शक यंत्र तिचे वजन तारेवाटे संगणकाला सतत कळवत राहते, काटा क्लार्क गाडीचा क्रमांक पाहून बटण दाबतो आणि त्या क्षणीचा आकडा भरलेले वजन म्हणून नोंदवला जातो. गव्हाणीत ऊस उतरवून तीच गाडी परतली की रिकामे वजन घेतले जाते आणि दोहोंच्या वजाबाकीतून निघालेले निव्वळ वजन पावतीवर छापले जाते. ही प्रणाली आमच्या राजारामपुरीतील कार्यालयाने सी शार्प या भाषेत, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्क या पायावर लिहिलेली आहे. कारखान्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ती आमची होती, आणि तिच्यातील मुख्य ओळ माझ्याच हातची होती.

गळीत हंगाम ऐन भरात असताना एका रात्री काटा क्लार्कचा फोन आला. "साहेब, काट्यावर एक आकडा हाय आणि पावतीवर मघाच्याच गाडीचा उठलाय. जरा बघा की," एवढेच तो म्हणाला. सकाळपर्यंत त्याने अशा तीन गाड्या टिपून ठेवल्या होत्या. तिन्ही वेळा वजनदर्शकाच्या लाल अंकांत नव्या गाडीचे खरे वजन दिसत होते, संगणकाच्या पडद्यावर मात्र आधीच्या गाडीचे वजन तसेच उभे होते, आणि मिनिटभराने कोणी काहीही न करता पडदा आपोआप ताळ्यावर येत होता. क्लार्क जागा होता म्हणून त्याने पावत्या रद्द करून वजने पुन्हा घेतली. परंतु या भागात शेतकऱ्याच्या मनात काटामारीची शंका कायम जागी असते. वैधमापन शास्त्र विभागाने पडताळून शिक्का मारलेला काटा अचूक होता, आणि तरीही तार ते पावती या चार हातांच्या अंतरात वजन बदलत होते, ही गोष्ट रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगता आली नसती.

कार्यालयात आमच्याकडे वजनदर्शकाची नक्कल करणारा एक छोटा कार्यक्रम होता. त्यावर दोन दिवस प्रणाली चालवून पाहिली, पण वजन एकदाही अडकले नाही. ते अडकणार नव्हतेच, कारण नक्कल करणारा कार्यक्रम आम्हीच लिहिलेला असल्याने तो नेहमी नीटनेटक्या ओळी पाठवत असे. म्हणून आमच्या तरुण सहकाऱ्याने कारखान्यावर जाऊन त्या तारेला दुसरा लॅपटॉप जोडला आणि चोवीस तासांत तारेवरून आलेले एकूणएक अक्षर वेळेसह एका फाइलीत उतरवून आणले. ती फाइल आभासी सिरियल पोर्टवरून, म्हणजे तारेच्या खोबणीची नक्कल करणाऱ्या सोयीतून, मूळच्याच वेगाने प्रणालीला पुरवली, तेव्हा साधारण चाळिसाव्या मिनिटाला आमच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा आकडा १८,४६० किलोवर गोठला. प्रणाली त्या वेळी व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या साधनातील डीबगरखाली, म्हणजे चालता कार्यक्रम मध्येच थांबवून आत पाहू देणाऱ्या सोयीखाली, चालू होती. डीबगर थांबला नाही आणि त्याने काही कळवलेही नाही.

सहकाऱ्याने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता. एक्सेप्शन, म्हणजे कोड मध्येच अडल्याची सूचना, आलेले नाही, तेव्हा दोष तर्कात आहे. बहुधा पडदा ताजा करणारा टायमर कुठेतरी अडकत असावा. त्या टायमरच्या मागे आमचा पुढचा दीड दिवस गेला. हा दीड दिवस का वाया गेला हेच या प्रकरणात सांगण्यासारखे आहे, कारण गोठलेल्या त्या मिनिटभरात प्रत्यक्षात शेकडो एक्सेप्शन येऊन गेली होती.

डीबगरला कधी कळते आणि तो कधी थांबतो

एखाद्या ओळीत एक्सेप्शन फेकले गेले की ते पकडून निस्तरणारा कोडचा भाग, म्हणजे कॅच, शोधायला सुरुवात होण्यापूर्वीच जोडलेल्या डीबगरला त्याची वर्दी दिली जाते. हिला फर्स्ट चान्स म्हणतात. त्यानंतर शोध होतो. कॅच सापडला तर कार्यक्रम पुढे चालू लागतो, आणि कोठेच सापडला नाही तर डीबगरला दुसऱ्यांदा वर्दी मिळते, आणि तीही वाया गेली तर प्रक्रिया कोसळते. म्हणजे एक्सेप्शन पकडले गेलेले असो वा नसो, डीबगरला ते पहिल्या वर्दीतच कळलेले असते. कळल्यावर थांबायचे की वाट सोडायची हा मात्र मांडणीचा प्रश्न आहे, आणि व्हिज्युअल स्टुडिओची मूळ मांडणी अशी की बहुतेक प्रकारांसाठी पहिल्या वर्दीला थांबायचे नाही, न पकडलेल्यावरच थांबायचे. ही मांडणी चुकीची नाही. चांगल्या कार्यक्रमातही रोज कितीतरी एक्सेप्शन फेकली आणि रीतसर पकडली जातात, आणि त्या प्रत्येकावर डीबगर थांबू लागला तर कोणाचेच काम होणार नाही. पण कोठेतरी रिकामा, म्हणजे पकडून काहीच न करणारा, कॅच असेल, तर त्याच मांडणीत डीबगर त्या कॅचच्या गुन्ह्याचा मूक साक्षीदार होऊन बसतो.

ही निवड एक्सेप्शन सेटिंग्ज नावाच्या खिडकीत करता येते. ती व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आजच्या रूपात आहे. त्याआधी त्या जागी एक संवादचौकट होती आणि ती उघडायला इतका वेळ लागे की लोक शक्यतो तिच्या वाटेला जात नसत. आता डीबगच्या मेन्यूतील विंडोज या भागातून, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि ई या कळा एकत्र दाबून ती उघडते. तीत सी प्लस प्लस, कॉमन लँग्वेज रनटाइम, विन३२ असे गट असतात आणि त्यांच्या पोटात एक्सेप्शनच्या प्रकारांची नावे. नावापुढच्या चौकोनात खूण केली की तो प्रकार फेकला जाताक्षणी डीबगर थांबतो, मग तो पुढे पकडला जाणार असला तरीही. नाव यादीत नसेल, उदाहरणार्थ आपण स्वतः घडवलेला प्रकार असेल, तर तो पूर्ण नावाने यादीत घालता येतो.

हे मला ठाऊक होते, म्हणून तिसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याच्या संगणकावर कॉमन लँग्वेज रनटाइम या संपूर्ण गटावर खूण केली आणि फाइल पुन्हा सोडली. सुरुवातीला डीबगर आमच्याच कोडमध्ये दोनदा थांबला. दोन्ही ठिकाणे निरुपद्रवी होती. चाळिसाव्या मिनिटाला वजन गोठले. डीबगर थांबला नाही. आता तर निष्कर्ष पक्काच झाल्यासारखा वाटला, आणि कबूल करायला हवे की पंधरा मिनिटे मलाही तो पटला होता.

"माझा कोड" कोणाचा

मला खटकले ते वेगळ्याच खिडकीत. डीबगिंग चालू असताना मॉड्यूल्सची खिडकी उघडली की प्रक्रियेत आलेल्या प्रत्येक डीएलएलसमोर, म्हणजे बांधून तयार असलेल्या कोडच्या फाइलीसमोर, काही स्तंभ दिसतात, आणि त्यांतले दोन या प्रकरणाच्या मुळाशी आहेत : तो भाग ऑप्टिमाइझ केलेला, म्हणजे वेगासाठी बदलून बांधलेला, आहे का, आणि तो वापरकर्त्याचा कोड मानला आहे का. सिरियल पोर्टवरून वजन वाचणारी आमची सामायिक लायब्ररी, जी आम्हीच लिहिली आणि आमच्या निम्म्या प्रणाल्यांत वापरली जाते, तिच्यासमोर पहिल्या स्तंभात होय आणि दुसऱ्यात नाही असे होते. सिम्बॉलच्या, म्हणजे बांधलेला कोड मूळ ओळींशी जोडणाऱ्या माहितीच्या, स्तंभात सिम्बॉल भरणे वगळल्याचा शेरा होता.

जस्ट माय कोड नावाची जी सोय मुळातच चालू असते, तिच्या दृष्टीने "माझा कोड" म्हणजे मी लिहिलेला कोड नव्हे. जो भाग ऑप्टिमाइझ केलेला आहे किंवा ज्याची सिम्बॉलची पीडीबी फाइल मिळत नाही, तो तिच्या लेखी परका. आमच्या घरची लायब्ररी आम्ही वर्षानुवर्षे रिलीज बांधणीची, म्हणजे ऑप्टिमाइझ केलेली, डीएलएल म्हणून प्रत्येक प्रकल्पात ठेवत आलो होतो, त्यामुळे डीबगरच्या दृष्टीने ती मायक्रोसॉफ्टच्या डीएलएलइतकीच परकी ठरली होती. आणि ही सोय चालू असताना खूण केलेल्या प्रकारावरही डीबगर तेव्हाच थांबतो, जेव्हा कॅच शोधत जाताना वाटेत "माझ्या कोडची" एखादी चौकट, म्हणजे कोणत्या कोडने कोणाला हाक मारली त्या साखळीतला एखादा टप्पा, लागते. आमचे एक्सेप्शन फ्रेमवर्कच्या पोटात फेकले जात होते आणि आमच्याच लायब्ररीत, म्हणजे परक्या ठरलेल्या हद्दीत, गिळले जात होते. ते मुख्य प्रणालीच्या उंबऱ्यापर्यंत येतच नव्हते. यादीत कितीही खुणा केल्या तरी त्यांना थांबवणारे कोणी नव्हते.

आणखी एक साक्षीदार होता, पण त्याचेही तोंड बांधलेले होते. आउटपुट खिडकीत प्रत्येक एक्सेप्शनची एक ओळ उमटते, कोणता प्रकार आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये फेकला गेला एवढी, आणि ती डीबगर थांबो न थांबो उमटते. मात्र त्या खिडकीवर उजवी कळ दाबली की येणाऱ्या मेन्यूत एक्सेप्शनचे संदेश दाखवायचे की नाहीत अशी निवड असते, आणि सहकाऱ्याने मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका कामात त्या ओळींचा पूर येतो म्हणून ती काढून टाकली होती. त्याला ते आठवतही नव्हते. मी ती निवड परत चालू केली आणि फाइल सोडली, तेव्हा वजन गोठताक्षणी एकच ओळ, फॉरमॅट एक्सेप्शन, एमएसकॉरलिब डीएलएल, अशी धो धो पडू लागली; म्हणजे मजकुराचे रूप चुकल्याची तक्रार, आणि ती फेकणारी फ्रेमवर्कची मूळ लायब्ररी. सहकारी काही बोलला नाही. त्याने टायमरविषयी लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

आवाज कमी करणे

पुढचे पाऊल सरळ वाटते, पण त्यात एक अडचण आहे. टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन जस्ट माय कोड बंद केले आणि संपूर्ण गटावरची खूण तशीच ठेवली, तर प्रणाली सुरू होईपर्यंतच डीबगर इतक्या वेळा थांबतो की माणूस वैतागून सगळ्या खुणा काढून टाकतो आणि मूळ पदावर येतो. आमच्याकडे पहिलाच थांबा माहितीचा एक्सएमएल मजकूर करणाऱ्या एक्सएमएल सिरिअलायझरचा होता. जुन्या फ्रेमवर्कमध्ये तो आधी तयार करून ठेवलेली, नावाच्या शेवटी एक्सएमएल सिरिअलायझर्स असलेली डीएलएल शोधतो, ती बहुधा नसतेच, मग फाइल सापडली नाही असे एक्सेप्शन फेकले जाते, आतल्या आत पकडले जाते आणि तो निमूटपणे आपले काम करतो. यात दोष कोणाचाच नाही, पण सगळ्यावर खूण केलेल्या डीबगरला हा भेद कळत नाही.

म्हणून गटाची खूण काढली आणि फॉरमॅट एक्सेप्शन या एकाच नावावर ठेवली. आउटपुटमधील ओळींमुळे प्रकार ठाऊक झाला होता, त्यामुळे हे शक्य झाले; आधी प्रकार शोधायचा आणि मग त्यावर खूण करायची, हा क्रम उलटा केला की त्रास होतो. एखाद्या प्रकाराला मॉड्यूलच्या नावाची अट घालण्याची सोयही या खिडकीत आहे आणि थांबल्यावर उघडणाऱ्या चौकटीतूनही "अमुक मॉड्यूलमधून आले तर थांबू नको" असे सांगता येते. मी उत्साहाने आमच्या लायब्ररीचे नाव अटीत घातले आणि डीबगर पुन्हा गप्प झाला. कारण अट फेकणाऱ्या मॉड्यूलची होती, आणि फेकणारे मॉड्यूल, आउटपुटमधील ओळ आधीपासून सांगत होती त्याप्रमाणे, एमएसकॉरलिब होते. आमची लायब्ररी फक्त हाक मारणारी होती. अट काढून टाकली.

जस्ट माय कोड बंद ठेवून काम भागले असते, पण ते सर्व प्रकल्पांना एकदम लागू होते आणि कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे त्या हाकांच्या साखळीत, फ्रेमवर्कच्या चौकटींची रांग लागते. त्यापेक्षा तयार डीएलएलऐवजी लायब्ररीचा मूळ प्रकल्पच सोल्यूशनमध्ये, म्हणजे प्रणालीच्या प्रकल्पांच्या संचात, घेतला आणि तो ऑप्टिमाइझ न करणाऱ्या डीबग बांधणीत बांधला. आता मॉड्यूल्सच्या खिडकीत ती आमची ठरली, सोय पुन्हा चालू केली, आणि चाळिसाव्या मिनिटाला डीबगर नेमका त्या ओळीवर येऊन थांबला जिथे आलेल्या मजकुराची संख्या केली जाते.

डॉलरचे चिन्ह

वजनदर्शक दर सेकंदाला सुमारे दहा ओळी पाठवतो. प्रत्येक ओळ दहा अक्षरांची : एक आरंभखूण, एक अधिक-उण्याचे चिन्ह, सहा अंक, वजन स्थिर आहे की नाही हे सांगणारे एक अक्षर आणि एक शेवटखूण. थांबलेल्या डीबगरमध्ये त्या मजकुरावर माउस नेला तेव्हा अधिक, शून्य, एक, आठ, मग चारच्या जागी डॉलरचे चिन्ह, मग सहा आणि शून्य असे दिसले. अक्षरांना आकडे देणाऱ्या आस्की संकेतांत ४ या अंकाचे मूल्य ५२ आहे आणि डॉलरचे ३६. फरक १६ चा, म्हणजे तारेवर एकच बिट उलटला होता. पोर्टची मांडणी ९,६०० वेग, आठ बिट आणि पॅरिटी, म्हणजे चूक ओळखण्याचा जादा बिट, नाही अशी असल्याने ही चूक पोर्टला ओळखू येणे शक्यच नव्हते. नंतर जाऊन पाहिले तेव्हा कळले की हंगामाआधी संगणक शेजारच्या खोलीत हलवताना तार गव्हाणीच्या मोटारीच्या केबलला लगटून नेली गेली होती, आणि फाइलीतील बिघडलेल्या ओळींच्या वेळा मोटार सुरू होण्याच्या वेळांशी जुळत होत्या.

पण एका बिघडलेल्या ओळीने वजन मिनिटभर का गोठावे? पुढची चांगली ओळ दशांश सेकंदात येते. हे डीबगर थांबवून पाहता आले नाही, उलट थांबवल्यामुळेच ते दिसेनासे झाले. डीबगर थांबतो तेव्हा प्रक्रियेचे सगळे धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, थांबतात, तारेवरून येणारी अक्षरे मात्र थांबत नाहीत. सिरियल पोर्टच्या वाचन-साठ्याची मूळ मर्यादा ४,०९६ बाइट आहे. सेकंदाला शंभर अक्षरांच्या हिशेबाने तो चाळीस-एक सेकंदांत भरतो. आम्ही कॉल स्टॅक पाहत चहा पीत बसलो की पुढची अक्षरे सांडून जात आणि पुढे चालू केल्यावर ज्या फाटक्या ओळी दिसत त्या मोटारीने नव्हे, आमच्या चहाने फाडलेल्या असत.

त्यामुळे एक्सेप्शनवरची खूण काढली आणि रिकाम्या कॅचच्या कंसावर एक ट्रेसपॉइंट लावला. हा ब्रेकपॉइंटच असतो, फक्त त्याच्या मांडणीत कृती म्हणून एक संदेश लिहायचा आणि अंमलबजावणी चालू ठेवण्याची खूण करायची; मग तो न थांबता दर वेळी आउटपुटमध्ये ओळ टाकतो. संदेशात महिरपी कंसात चलाचे नाव लिहिले की त्याचे त्या क्षणीचे मूल्य छापले जाते. आम्ही साठलेल्या मजकुराची लांबी आणि त्याची पहिली दहा अक्षरे छापून घेतली. गोठताक्षणी जे दिसले ते असे : लांबी १०, पहिली अक्षरे डॉलरवाली. लांबी २०, तीच अक्षरे. लांबी ३०, तीच. ४०, ५०, आणि असेच चढत चढत ८,००० पर्यंत, दर ओळीला सुरुवातीला तोच डॉलर. मग सारे शांत झाले आणि पडद्यावर खरे वजन आले. शंभर अक्षरांच्या वेगाने ८,००० म्हणजे ऐंशी सेकंद. एवढ्या वेळात भरलेला ट्रॅक्टर काट्यावरून उतरून पुढचा चढून उभा राहतो, आणि काटा क्लार्कचा हात बटणावर जातो.

कारण आता कोडमध्ये डोळ्यांसमोर होते. आलेली अक्षरे एका साठ्यात जोडली जात, शेवटखुणेपर्यंतचा तुकडा काढून मजकुराची संख्या करणाऱ्या डबल पार्सकडे दिला जात असे, आणि तो तुकडा साठ्यातून काढून टाकणारी ओळ पार्सच्या नंतर होती. पार्सने एक्सेप्शन फेकले की ती ओळ हुकत असे, बिघडलेला तुकडा साठ्याच्या तोंडाशीच राहत असे, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच तुकडा पुन्हा वाचला जाऊन पुन्हा एक्सेप्शन येत असे. मागच्या गाडीचे शेवटचे चांगले वजन चलात तसेच राहत होते. साठा ८,००० च्या पुढे गेला की रिकामा करायचा, ही कोणीतरी सावधगिरी म्हणून घातलेली अट नसती तर प्रणाली कायमची गोठली असती आणि पहिल्याच तासात आम्हाला दोष सापडला असता.

तो रिकामा कॅच मी घातला होता. पाच-सहा हंगामांपूर्वी एका रात्री प्रणाली कोसळली होती आणि काट्यापासून फाट्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागली होती. पोर्टवर अक्षरे आल्याची सूचना स्वतंत्र धाग्यावर येते, आणि तिथे एक्सेप्शन न पकडता सुटले तर डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून सारी प्रक्रियाच बंद पडते. फोनवर मुकादमांचा आवाज ऐकत मी तो कॅच लिहिला, गाड्या हलल्या, आणि त्यात किमान एक नोंद टाकायची हे दुसऱ्या दिवशी करायचे राहून गेले. त्या रात्रीपुरता तो निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही. राहून गेलेली नोंद चुकीची मानतो.

एक्सेप्शन ज्यावर येतच नाही

दुरुस्ती तासाभराची होती. तुकडा आधी साठ्यातून काढायचा आणि मग वाचायचा, पार्सऐवजी एक्सेप्शन न फेकणारे ट्रायपार्स वापरायचे, ओळीची लांबी दहाच आहे हे तपासायचे, आणि वजनासोबत त्याची वेळ ठेवून ते एक सेकंदाहून जुने असेल तर पडद्यावर आकड्याऐवजी रेघा दाखवून बटण बंद करायचे.

पण डॉलरने आम्हाला एका अर्थी वाचवले होते. त्याच ४ च्या अंकात वेगळा एक बिट उलटला असता तर तो ५ झाला असता, कारण ५२ आणि ५३ यांत एकाच बिटाचा फरक आहे. १८,४६० चे १८,५६० झाले असते आणि कोणत्याही मांडणीतला कोणताही डीबगर थांबला नसता, कारण ते एक्सेप्शनच नव्हे, तो एक अगदी वैध आकडा आहे. अंक गळाला तर आणखी वाईट. म्हणून लागोपाठ तीन स्थिर ओळींत तोच आकडा आल्याशिवाय तो नोंदवायचा नाही अशी अट घातली. चोवीस तासांच्या फाइलीत एका अंकाचा केवळ दुसरा अंक झालेली एक ओळ सापडली, ती रिकाम्या काट्याची होती. एक्सेप्शनच्या मागे आठवडा घालवल्यावर ही ओळ पाहून मला जास्त घाम फुटला.

कारखान्यावरच्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओ नाही आणि ते तिथे बसवायचेही नाही. तिथल्यासाठी प्रणालीतच अ‍ॅप डोमेनच्या फर्स्ट चान्स एक्सेप्शन या सूचनेला कान लावला. ही सोय फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे आणि डीबगरला जी पहिली वर्दी मिळते जवळपास तीच ती कार्यक्रमाला देते, पुढे कॅच रिकामा असला तरीही. तिच्यात लिहिलेल्या कोडने स्वतः एक्सेप्शन फेकता कामा नये, नाहीतर तेच पुन्हा त्याच सूचनेत येऊन गोल फिरत राहते. म्हणून तिथे फक्त प्रकारानुसार मोजणी केली आणि फाइलीत लिहिण्याचे काम दुसऱ्या धाग्याकडे दिले.

मांडणीविषयी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. माझ्या संगणकावर केलेल्या खुणा सहकाऱ्याकडे पोहोचल्या नव्हत्या, कारण एक्सेप्शन सेटिंग्ज सोल्यूशनसोबतच्या एसयूओ फाइलीत राहतात, ती लपलेल्या डॉट व्हीएस फोल्डरमध्ये असते आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ती कोणी घालत नाही, घालूही नये. तो फोल्डर साफसफाईत उडवला की खुणाही जातात. त्यामुळे कोणत्या प्रणालीत कोणत्या प्रकारावर खूण ठेवायची, जस्ट माय कोड कोणत्या स्थितीत असावे आणि आउटपुटमधील संदेश चालू आहेत ना, हे आता प्रकल्पाच्या माहितीपत्रकात चार ओळींत लिहिलेले असते. सहकाऱ्याने त्यात स्वतःहून पाचवी ओळ घातली : मॉड्यूल्सची खिडकी आधी बघणे.

नवी आवृत्ती बसवल्यावर पहिल्या रात्री काटा क्लार्कला दोनदा आकड्याऐवजी रेघा दिसल्या, तो क्षणभर थांबला आणि आकडा परतल्यावर त्याने बटण दाबले. तार मोटारीच्या केबलपासून दूर घेतल्यानंतर रेघा दिसेनाशा झाल्या. सामायिक लायब्ररीत शोध घेतला तेव्हा आणखी अकरा रिकामे कॅच निघाले. त्यांतील चार दुरुस्त झाले आहेत. उरलेल्या सातांना हंगाम संपून काटा बंद होईपर्यंत हात लावायचा नाही असे ठरले आहे, आणि तोवर त्यांच्यावर फर्स्ट चान्सची मोजणी चालू आहे.